मदत हवी आहे: १९७० ची शेव्हेल घ्यावी की नवी मस्टँग?

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये राहतो. कित्येक वर्षं पैसे साठवलेत आणि शेव्हरोलेच्या १९७० च्या शेव्हेल एसएस ३९६ या गाडीवर जीव जडलाय. कागदावर ३५० हॉर्सपॉवर, पण तो जुना ‘ग्रॉस’ आकडा, म्हणजे इंजिन गाडीबाहेर, बाकीचे भाग न जोडता मोजलेला. कंपन्या ‘नेट’ (गाडीतल्यासारखे सगळे भाग जोडून मोजलेले) आकडे देऊ लागल्या त्या १९७२ च्या सुमारास, म्हणून फोर्डच्या २०२४ च्या मस्टँग जीटीच्या ४८० शी थेट तुलना होत नाही. शेव्हेलला मागे ड्रम ब्रेक, एबीएस नाही, एअरबॅग नाही. तरी तो बिग ब्लॉक (मोठं व्ही८ इंजिन) सुरू झाला की छातीत धडधडतं, खरंच!

लेक शेजारी बसणार, म्हणून विचारतो. अशी गाडी दर आठवड्याला कोणी चालवतं का? हिवाळ्यात बर्फ वितळवायला इथल्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने गंजलेली चासी (गाडीचा सांगाडा) नेमकी कुठे तपासायची? आणि इंजिन मूळचंच आहे हे कसं ओळखायचं?