दोन दिवसांत मसाई मारा? नको रे बाबा

नैरोबीत पाहुणा दोनच दिवसांसाठी आला तरी मसाई मारा, म्हणजे केनियातलं ते प्रसिद्ध अभयारण्य, दाखवाच, असं कोणीतरी लिहिलंय, ते काही मला पटलं नाही. नैरोबीहून मारा म्हणजे जायलाच पाच-सहा तास, यायला तेवढेच, म्हणजे निम्मा वीकेंड गाडीतच की. पुण्याहून मित्र आला होता तेव्हा आम्ही सरळ नैवाशा हे तळ्याकाठचं गाव गाठलं, नव्वदेक किलोमीटर, वाटेत रिफ्ट व्हॅलीच्या व्ह्यूपॉइंटला थांबून भाजलेलं कणीस खाल्लं, पठ्ठ्या म्हणे हे तर सिंहगडच झालं!

नैवाशाजवळच्या हेल्स गेट नॅशनल पार्कबद्दल कुणीच लिहिलं नाहीये म्हणून सांगतो. तिथे भाड्याने सायकल मिळते आणि झेब्रे, जिराफ, वॉर्टहॉग (आफ्रिकेतली रानडुकरं) यांच्यामधून चक्क सायकलवर फिरता येतं, कारण सिंह सहसा नसतात. रानरेड्यांपासून मात्र लांबच राहा. घळीत उतरायचं असेल तर गाईड घ्याच, आणि आभाळ भरलेलं असेल तर अजिबात उतरू नका, २०१९ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात पर्यटक वाहून गेले होते. सिंहच बघायचाय म्हणून हट्ट असेल तर रविवारी पहाटे नैरोबी नॅशनल पार्क, शहराला लागूनच आहे, हत्ती नाहीत पण गेंडे आहेत.