मदत हवी आहे: पावसाआधी टेरेस स्लॅब हवा, सेंटरिंगचा सेट एकच. वेळापत्रक कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ खाली पार्किंग आणि वर चार मजले अशा इमारतीवर साइट इंजिनीअर आहे. एप्रिल अर्धा सरला आणि टेरेस धरून तीन स्लॅब बाकी आहेत. सेंटरिंगचा, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणाऱ्या प्लेटा आणि टेकूंचा, सेट एकच आहे.

मालकांचं म्हणणं, पावसाआधी टेरेस झालाच पाहिजे, म्हणजे पावसाळाभर आत वीटकाम, प्लास्टर, वायरिंग चालू राहील. ते मला पटतं. महारेरावर (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) दिलेली ताब्याची तारीख हुकली, तर ग्राहकांना स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (कर्जव्याजाच्या आधारदरावर) आणखी २ टक्के या दराने व्याज द्यावं लागतं. पण सेंटरिंगचा दुसरा सेट भाड्याने आणायला ते तयार नाहीत. मुकादमाची माणसं विजापूरकडची, पेरणीच्या वेळी गावी जाणारच. त्याआधी ओव्हरटाइम करू म्हणतात, पण मेच्या उन्हात त्यांना किती ताणायचं? क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, पाणीही तेव्हा टँकरचंच.

आहे त्या सेटवर तीन आठवड्यांना एक स्लॅब होतो, म्हणजे टेरेसला जूनचा मध्य उलटणार. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरतो, आणि २०२५ मध्ये तर तो २६ मेलाच मुंबईत पोचला होता.

आता साइटवर सगळे म्हणतात, ‘सात दिवसांत टेकू काढा आणि सेट वर चढवा.’ याला मी तयार नाही. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये सात दिवस आहेत ते साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला. त्यापुढच्या स्लॅबला १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि त्याहून लांब बीमला २१. गाड्या वळाव्यात म्हणून कॉलम एकमेकांपासून दूर ठेवलेत, त्यामुळे आमचे दोन बीम सहा मीटरच्या वर जातात. शिवाय हे दिवस ओपीसीचे, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटचे आहेत. आम्ही पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं सिमेंट वापरतो, ते सुरुवातीला हळू ताकद धरते. वरचा ओला स्लॅब खालच्या कोवळ्या स्लॅबवरच उभा राहणार, तेव्हा खर्च, ओव्हरटाइम, तारीख यांत काय ती ओढाताण करू, टेकूंचे दिवस मात्र कापायचे नाहीत.

मला सुचलेली वाट अशी. पूर्ण सेट न आणता फक्त जादा टेकू आणि बीमच्या तळाच्या फळ्या भाड्याने घ्यायच्या. स्लॅबच्या प्लेटा लवकर सोडवून वर न्यायच्या, खाली टेकू राहू द्यायचे. टेकू लगेच परत लावणार असाल तर तीन दिवसांनी प्लेटा काढायला कोडची हरकत नाही. पण प्रत्यक्षात प्लेट ठोकून काढताना शेजारचा टेकू सैल होतो आणि परत घट्ट करायला कोणी थांबत नाही, ही माझी खरी काळजी. म्हणून टेकूंच्या ओळीवर प्लेटांची एक पट्टी न हलवता तशीच ठेवायचा विचार आहे. असं कोणी केलंय का? सेंटरिंगवाल्याला दर चौरस फुटावर दिलात की रोजावर? चौरस फुटावर दिला तर तो घाई करेल असं वाटतं.

दुसरा पर्याय म्हणजे टेरेसच्या आधीच्या स्लॅबवर थांबायचं आणि खालच्या मजल्यांची कामं पावसात उरकायची. मग कॉलमच्या उघड्या सळ्या चार महिने भिजणार. सिमेंट स्लरी मारून कोकणातल्या पावसात त्या टिकतात का? आणि डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतून) उतरणारं पाणी प्लास्टरपर्यंत येऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

एमएस प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्ट केलाय, पण तो गँग अमर्याद धरून चालतो. माणसं आणि टेकू यांची मर्यादा घालून कोणी वेळापत्रक बसवलं असेल तर पद्धत सांगा, एक्सेलमधली असली तरी चालेल.

येत्या गुरुवारी स्ट्रक्चरल सल्लागारांकडे जायचं आहे. मालकही सोबत असतील, त्यामुळे दोन्ही पर्यायांचा खर्च मांडूनच जाईन. त्याआधी कोकणात काम केलेल्यांनी जरूर लिहा.