हॅटशेपसूटचे नाव खोडण्यामागे खरोखर सूड होता का?

वाचक_सातारा: प्राचीन इजिप्तच्या प्रमुख राज्यकर्त्यांविषयी वाचताना मी हॅटशेपसूटपाशी अडखळलो आहे. पहिल्या थुटमोसची ही कन्या दुसऱ्या थुटमोसची पट्टराणी झाली. पतीच्या निधनानंतर सावत्र मुलगा तिसरा थुटमोस अगदी लहान असल्यामुळे तिने कारभार हाती घेतला आणि काही वर्षांतच राजा म्हणून सर्व बिरुदे धारण केली, इथवर सगळ्यांचे एकमत दिसते. मात्र पुढे बहुतेक लेखांत असे येते की, आपली गादी बळकावल्याचा राग मनात धरून थुटमोसने तिच्या पश्चात तिची नावे खोडली आणि पुतळे फोडले. या म्हणण्याला पुराव्याचा आधार आहे, की सावत्र आईच्या गोष्टींची आपल्याला असलेली सवय येथे बोलते आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवाटा: सूडाची कथा कालक्रमापुढे टिकत नाही. हॅटशेपसूटचा मृत्यू इ.स.पू. १४५८च्या सुमारास, म्हणजे थुटमोसच्या राज्यारोहणापासून मोजलेल्या बाविसाव्या वर्षी झाला. नावे खोडण्याचे काम मात्र बेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास सुरू झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कर्नाक या मंदिरसमूहातील तिच्या लाल दगडाच्या देवालयाचे अपुरे राहिलेले कोरीवकाम थुटमोसने आधी पुरे करून घेतले आणि ती वास्तू नंतर उतरवली. रागाने पेटलेला माणूस वीस वर्षे थांबत नाही, आणि शत्रूचे देवालय तर मुळीच पुरे करत नाही.

दुसरे असे की, थुटमोस कोठे कोंडलेला नव्हता. त्याच देवालयाच्या दगडांवर दोघे राजवेषात एकामागे एक उभे आहेत, आणि तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच तो सैन्य घेऊन कनान प्रदेशातील मगिद्दो या शहरावर चालून गेला. सरदारांचा सल्ला बाजूला सारून अरुनाच्या चिंचोळ्या खिंडीतून फौज नेणारा हा तरुण युद्धकलेत आधीच तयार झालेला असला पाहिजे. लष्कराचा असा अनुभव असलेल्या सावत्र मुलाला ती दाबून ठेवत होती, हे मला तरी पटत नाही.

चिकित्सक: उशीर झाला म्हणून आकस नव्हताच, असे म्हणणे घाईचे होईल. कर्नाकच्या एका भिंतीवर होरस आणि थोथ हे देव दोन्ही बाजूंनी कलश उपडे करीत आहेत, त्यांतून पाण्याऐवजी जीवनचिन्हांच्या माळा ओघळत आहेत, आणि मध्ये जिच्यावर हा अभिषेक चालला आहे, त्या हॅटशेपसूटची आकृती कडेकडेने छिन्नी चालवून इतकी नेमकी काढली आहे की, तिचा बाह्याकार आजही ओळखू येतो. एवढे कष्ट कोणी उगाच घेत नाही. तथापि एक गोष्ट मी मान्य करतो: घाव प्रामुख्याने तिच्या राजपदावर पडले, राणी म्हणून कोरलेली तिची नावे पुष्कळ ठिकाणी शाबूत राहिली.

दगडफूल: मग तोच धागा पुढे नेऊ या. तिच्या अस्तित्वापेक्षा स्त्रीने राजा होण्याचा पायंडा पुसायचा होता, असे मानले तर खोडण्यातली ही निवड उलगडते. थुटमोसच्या अखेरच्या काळात त्याचा मुलगा दुसरा आमेनहोतेप याचा वारसा निर्वेध करायचा होता, त्यामुळे बापाकडून मुलाकडे आलेली अखंड परंपरा दाखवणे सोयीचे होते. पुढे पहिला सेती या नंतरच्या राजाने अबायडॉस येथील मंदिरात कोरवलेल्या ७६ राजांच्या यादीतही तिला जागा मिळाली नाही. अर्थात तीत आखेनातेन आणि तुतानखामेन हे पुरुष राजेही नाहीत.

पुतळ्यांचा मुद्दा मात्र वेगळा काढावा. दैर अल-बहरी येथील तिच्या मंदिरातले पुतळे १९२०च्या दशकात जवळच्या खाणीत तुकड्यांच्या रूपात सापडले, आणि तेव्हापासून ते सूडाचा पुरावा म्हणून दाखवले गेले. अलीकडे २०२५ मध्ये जुन्या उत्खनन-नोंदी पुन्हा तपासल्यावर असे दिसले की, अनेक पुतळे मान, कंबर आणि गुडघे या ठरावीक जागी मोडले आहेत. इतर फारोंच्या पुतळ्यांतील शक्ती निष्प्रभ करण्यासाठीही हीच पद्धत वापरली जाई. शिवाय काही नासधूस पुढच्या काळात दगड बांधकामासाठी नेल्यामुळे झालेली आहे. म्हणून सूडाविषयी बोलायचे झाल्यास भिंती पाहाव्यात, फुटके पुतळे नव्हेत.

वाचक_सातारा: आभारी आहे. कर्नाकला तिचा सुमारे ३० मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा ओबेलिस्क (टोकदार चौकोनी स्तंभ) अजून उभा आहे, तो कसा वाचला?

चिकित्सक: थुटमोसने त्याच्या खालच्या भागाभोवती दगडी भिंत बांधून तो झाकला. तिच्या नावाने आमून देवाला वाहिलेला स्तंभ पाडणे देवाच्या दृष्टीने अवघड असावे, असा माझा तर्क आहे. त्या आडोशामुळे पायथ्याचा लेख मात्र उत्तम टिकला. खाणीतून हे काम सात महिन्यांत पुरे केल्याचे तिने त्यातच नोंदवले आहे.