खडपांवरचं (ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या खडकांवरचं) जीवन दाखवणारं कोणी जाणतं आहे का? (रत्नागिरी परिसर)

मदत हवी आहे. गेल्या आठवड्यात मुलांना घेऊन रत्नागिरीजवळ खडपांवरचे जीव बघायला गाइडबरोबर गेलो. माणशी पाचशे रुपये. तिथी सप्तमी, वेळ संध्याकाळी पाचची. म्हणजे भांगाचे दिवस, ओहोटीलाही पाणी फार मागे जात नाही, आणि वर पूर्ण भरती! तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते (सप्तमीला सात गुणिले पाऊण, म्हणजे सव्वापाच), हे आमची आजीसुद्धा सांगायची. खडपं सगळी पाण्याखाली. समुद्रफूल (खडकाला चिकटलेला, फुलासारखा दिसणारा प्राणी) नाही, तारामासा नाही. गाइडने शेवटी शंखातला एक खेकडा उचलला आणि फोटोसाठी दहा जणांच्या हातांतून फिरवला. धाकटी म्हणाली, "बाबा, त्याला पाण्यात सोडायला सांगा ना." फार वाईट वाटलं.

मुलांना हे नीट दाखवायचंच आहे. येत्या पौर्णिमेनंतर, द्वितीया-तृतीयेला सकाळी सात-आठच्या उधाणाच्या ओहोटीला, पाणी खूप मागे जातं तेव्हा, जायचा विचार आहे. जिवांना हात न लावता, नावं सांगत दाखवणारं कोणी माहीत आहे का? गावातलं, कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणारं कोणी असेल तर उत्तमच. आणि शेवाळावर न घसरणाऱ्या कुठल्या चपला घालाव्यात? लहानगी सहा वर्षांची आहे.