इलेक्ट्रिक गाडीने गणपतीला कोकणात: सासरे म्हणतात शॉक बसेल

चिंचवडचा जावई
नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडीला दहा वर्षं झाली, आता इलेक्ट्रिक घ्यायचं मनात आहे. रोजचं चिंचवड ते हिंजवडी, आणि वर्षातून तीनदा सासुरवाडीला, चिपळूणजवळ. पण घरात कुणी ऐकूनच घेत नाही. सासरे म्हणतात, कोकणच्या पावसात चार्जिंगला लावलीत तर शॉक बसेल. मेहुणा म्हणतो, तीन वर्षांत बॅटरी मोबाइलसारखी बसणार आणि नवीला अर्ध्या गाडीचे पैसे पडणार. कुंभार्ली घाटात चार्जिंग संपलं तर काय, हा बायकोचा प्रश्न. ज्यांची गाडी आहे त्यांनीच सांगा, यूट्यूब बघून झालंय.

वाशिष्ठीकाठचा
मी चिपळूणचाच, तुमचे सासरे ओळखीचेही निघतील. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी डिझेल गाडी गेली. पुढच्या वर्षी ३०.२ युनिटच्या बॅटरीची इलेक्ट्रिक घेतली. आज ६४ हजार किलोमीटर झालेत.

आधी शॉक. चार्जिंगची गन लावली की गाडी आणि चार्जर एकमेकांची खातरजमा करून घेतात, मगच वीज सुटते. बॅटरी सीलबंद असते. माझ्या गाडीची आयपी ६७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमच्या बाजारपेठेत त्या दिवशी पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं, तसल्या पुरात पेट्रोल काय नि इलेक्ट्रिक काय. पण आषाढातल्या पावसात मी अंगणात लावून खुशाल झोपतो.

गंमत म्हणजे माझी गाडी चार्ज झाली नाही ती पाण्याअभावी. मे महिन्यात मामेभावाकडे गेलो होतो, गुहागरच्या वाटेवर. पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग होता, एसी त्यावर छान चालायचा. मी चार्जर लावला तर लाल दिवा. काढला, लावला, पुन्हा लाल. भाऊ म्हणाला, 'तुझी गाडीच बिघडली.' वायरमनला बोलावलं, त्याने मीटर लावून बघितलं आणि थेट घरामागे गेला. जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाने ठणठणीत कोरडा. दोन बादल्या पाणी ओतलं, वर मूठभर मीठ. दहा मिनिटांत दिवा हिरवा! एसीला अर्थिंग नसलं तरी तो बिचारा चालतो, हा चार्जर चालत नाही. पुढे त्याने नवीन अर्थिंग करून घेतलं, ते वेगळं.

आता घाट. कोयनेचं पाणी खाली पोफळीला उतरताना वीज करतं ना, तेच तुमची गाडी कुंभार्ली उतरताना करते. ब्रेकऐवजी चाकंच मोटर फिरवतात आणि ती वीज करून बॅटरीत भरते. मी वर ४१ टक्क्यांवर होतो, चिपळुणात ४५ वर पोचलो. चढताना मात्र तोच घाट पंधरा-सोळा टक्के खातो, तेव्हा परतीला भरून निघा. आणि कंपनीचा एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटरचा आकडा विसरा, एसी लावून ऐंशीच्या वेगाने मला दोनशे-सव्वादोनशे मिळतात. चिंचवडहून येताना साताऱ्याच्या आसपास एकदा थांबायचंच. एरवी चहा-मिसळीत तास जातो. गणपतीच्या आदल्या दिवशी तिथेच रांग असते, हा त्रास खरा आहे आणि तो कुणी आधी सांगत नाही.

मेहुण्याला सांगा, बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. नवी असताना २१५ जायची, आता २०० जाते. मला दगा दिला तो मोठ्या बॅटरीने नाही, बारा व्होल्टच्या छोटीने. हो, ती पेट्रोल गाडीतलीच, इथेही असते. तीन आठवडे गावाला गेलो, डॅशकॅम चालू राहिलेला. परत आलो तर मोठीत सत्तर टक्के आणि गाडीचं दार उघडेना. शेजाऱ्याच्या जुन्या ओम्नीवरून जंपर लावला. तो अजून गल्लीत सांगत फिरतो, 'शेवटी पेट्रोलच लागलं!'

तिसरा मजला
सोसायटीवाल्यांसाठी एक. 'वीज स्वस्त' म्हणताना लोक सगळ्यात खालच्या दराने गुणतात. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. आमचं बिल १८० युनिटचं होतं, गाडीचे १७० वाढले आणि ३०० ची रेघ ओलांडली. तरी पेट्रोलपेक्षा कमीच, पण पहिलं बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही. चार्जिंगचं वेगळं मीटर मिळतं, त्याचा दर आधी विचारून घ्या. घरच्या मीटरवर चार्ज केली तरी चालतं, सेक्रेटरी काहीही म्हणोत.

चांदा ते बांदा
तुमच्या गाडीला धूर नाही कारण तो आमच्याकडे निघतो. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र बघून जा एकदा. गच्चीवर कपडे वाळत घालून दाखवा.

वाशिष्ठीकाठचा
@चांदा, राखेबद्दल तुमच्यापुढे बोलायला तोंड नाही. कार्बनचा हिशोब मात्र करून बघा. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. युनिटला सात किलोमीटर धरले तर किलोमीटरला शंभर ग्रॅम. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो, पंधराच्या मायलेजला दीडशे ग्रॅम. फरक आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. तुमची गच्ची त्याने स्वच्छ होत नाही हेही खरं.

चिंचवडचा जावई
आभार. लगेच सासऱ्यांना फोन लावून विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे. म्हणाले, 'त्यावर तुळशीवृंदावन बांधलंय, २००९ साली.'

वाशिष्ठीकाठचा
सासूबाई रोज पाणी घालतात ना? मग बिनधास्त बुक करा.