ग्रामपंचायत नाही, महापौर नाही, तरी जिल्ह्याचे ठिकाण : नेवाडातील गोल्डफील्ड

पायवाट (प्रश्न)
गेल्या महिन्यात लास व्हेगासहून रीनोकडे मोटारीने जाताना महामार्ग ९५ वर गोल्डफील्ड नावाचे गाव लागले. चार मजली हॉटेलची भक्कम इमारत रस्त्यालगत उभी, पण दाराला कुलूप. आसपास तुरळक घरे आणि गंजत पडलेली जुनी यंत्रे. २०२० च्या जनगणनेत येथे अवघी २२५ माणसे मोजली गेली आणि गावाला नगरपालिकाही नाही, असे नंतर वाचनात आले. मग घरपट्टी कोण घेते, पाण्याची तक्रार कोणाकडे करायची, आणि एकेकाळी वीस हजार वस्ती असलेले गाव असे बिननगरपालिकेचे कसे राहिले?

कातळ
आपल्याकडे लहानशा वाडीलाही कुठली ना कुठली ग्रामपंचायत असते, म्हणून हे विचित्र वाटते. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत रहिवाशांनी रीतसर मागणी करून नगरपालिका स्थापन केली नाही, तर वस्तीचा कारभार थेट काउंटीकडे, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याकडे, राहतो. गोल्डफील्ड एस्मेराल्डा काउंटीत आहे. तेथे निवडून आलेले तीन आयुक्त कारभार पाहतात, कर काउंटी गोळा करते आणि बंदोबस्त शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाकडे, असतो. या संपूर्ण काउंटीत एकही नगरपालिका नाही, आणि २०२० मध्ये तिची लोकसंख्या ७२९ होती. मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी शेजारच्या काउंटीतील टोनोपाहला जावे लागते.

जुनीवही
वीस हजारांच्या काळातही नगरपालिका का झाली नाही, याबद्दल माझे मत असे, की तेथे आलेल्यांपैकी फार थोडे मुक्कामाला आले होते. १९०२ मध्ये हॅरी स्टिमलर आणि विल्यम मार्श यांना येथे सोने सापडले, आणि चार वर्षांत हे नेवाडातील सर्वांत मोठे शहर झाले. धातुक, म्हणजे सोने असलेला खडक, इतके कसदार होते की कामगार त्याचे तुकडे कपड्यांत लपवून बाहेर नेत. म्हणून खाण कंपनीने पाळी संपताना कपडे बदलण्याच्या खोल्या सक्तीच्या केल्या, आणि त्यावरून संघर्ष पेटला. पुढे रोख पगाराऐवजी कागदी चिठ्ठ्या देण्यावरून संप झाला. त्या वेळी नेवाडाकडे स्वतःचे पोलीस दलही नव्हते, त्यामुळे डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी येथे केंद्राचे सैन्य पाठवले. राज्य पोलीस दलाचा कायदा झाला तो त्यानंतर, १९०८ मध्ये. ज्या गावाच्या भांडणासाठी सैन्य बोलवावे लागले, तेथे नगरपालिकेची गरज कोणाला भासली नसावी, हे मला आजही नवलाचे वाटते.

दगडीचौकट
वरील उत्तरांत एक गोष्ट राहिली : गाव पूर्ण ओस का पडले नाही? १९१३ मध्ये पूर आला, १९१९ मध्ये सर्वांत मोठ्या खाण कंपनीने गाशा गुंडाळला आणि १९२३ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. दक्षिणेकडचे ऱ्हायोलाइट हे याच सोन्याच्या लाटेतले गाव. तेथे तीन मजली बँक उभी राहिली होती. आज तिच्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. गोल्डफील्डला मात्र ऐन भरभराटीत, १९०७ मध्ये, हॉथॉर्नहून हलवून जिल्ह्याचे ठिकाण मिळाले होते. सोने संपले तरी जमिनीच्या नोंदी, खटले आणि कारकुनांचे पगार राहिले. माझ्या मते गाव तगले ते यामुळेच, खाणीमुळे नव्हे.

पायवाट, आपण हॉटेलाच्या कुलपापाशी थांबलात, पण त्याच रस्त्यावरचे दगडी न्यायालय पाहायचे राहिले असावे. १९०७ ची ती वास्तू बाहेरून किल्ल्यासारखी दिसते. आत न्यायाधीशांच्या मंचावर टिफनी या नामांकित अमेरिकी कंपनीचे रंगीत काचेचे दिवे आहेत आणि कामकाज अजून तेथेच चालते. पुढच्या वेळी कामाच्या दिवशी जा, शनिवार-रविवारी ते बंद असते.