तीस लाखांचं एमएस की दीडशे डॉलरचं सर्टिफिकेट? क्लासवाल्यांनी तरी सांगू नये

तिसरं गेट, टिळकवाडी :
आमच्या बॅचच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय, वाचून डोकं उठलं. म्हणणं असं की परदेशात एमएसला, म्हणजे मास्टर्सला, जाणारी पोरं बापाला खड्ड्यात घालतात, त्यापेक्षा क्लाउडची (इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरची) दोन-तीन सर्टिफिकेशन करा, सहा महिन्यांत पॅकेज हातात. खाली टाळ्याच टाळ्या. लिहिणारा कोण, तर सर्टिफिकेशनचा क्लास चालवणारा! तिथं उत्तर दिलं असतं तर अ‍ॅडमिननं "वैयक्तिक घेऊ नका" म्हणून गप्प बसवलं असतं. म्हणून इथं लिहितोय.

पुण्यात आमच्या टीमसाठी मुलाखती मी घेतो. मागे एक पोरगा आला, आपल्याच बेळगावातल्या वडगावचा, सीव्हीवर चार सर्टिफिकेशनचे बिल्ले. विचारलं, खाजगी सबनेटमधल्या (इंटरनेटला थेट न जोडलेल्या भागातल्या) सर्व्हरला बाहेरून अपडेट ओढायचे आहेत, पण बाहेरचा कोणी आत यायला नको, काय करशील? पोरगा म्हणतो, "सर, ऑप्शन द्या की." नॅट गेटवे हे उत्तर चार पर्यायांत दिसलं असतं तर त्यानं डोळे मिटून टिक केलं असतं. डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून पास झालेला.

एडब्ल्यूएस, म्हणजे अमेझॉनचा क्लाउड, त्याच्या असोसिएट परीक्षेची फी १५० डॉलर, मुदत तीन वर्षं. जो आधीच हे काम करतोय त्याला पगारवाढीच्या वेळी ती उपयोगी पडते. नवख्याला तिच्यावर कोणी दारात उभं करत नाही. एमएसमध्येही फार दिव्य ज्ञान मिळतं असं मी म्हणत नाही. तिथं विकत मिळते ती मुदत. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरीची परवानगी, विषय स्टेममधला (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असला तर वर २४. म्हणजे तीन वर्षं त्या बाजारात उभं राहायची परवानगी. पैसे त्याचे असतात, आणि ते सरळ सांगावं.

चिकोडीचा ऊसवाला :
मुदत विकत मिळते म्हणे. कुणाला? नोकरदाराच्या पोराला.

माझा पोरगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या डोक्यात जर्मनी. फी नाही म्हणतात. बरं. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे तिथल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो दाखवायचे, म्हणजे बारा लाखांच्या घरात. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी रस्त्यावर बसले तेव्हा कुठं टनाला ३,३०० पदरात पडले. एकरी चाळीस टन धरा, एक लाख बत्तीस हजार. म्हणजे खत, पाणी, मजुरी काहीच न धरता नऊ एकरांचं अख्खं बिल त्या खात्यात कोंबायचं. नऊ एकर आहे कुणाकडं? आणि शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, घर नाहीतर एनए प्लॉट आणा म्हणतात. क्लासवाला खोटारडा असेल, पण त्याची फी मी पुढच्या हप्त्यात देऊ शकतो. तुझी मुदत नाही परवडत गा.

निपाणी नाका :
ऊसवाले बरोबर बोलताहेत. तिसरं गेट पेपर वाचत नाहीत काय? २०२५ च्या सप्टेंबरात ट्रम्पनं नव्या एच-वन-बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलर बसवले. आता कोणती कंपनी आपल्या पोराला ठेवून घेणार? ओपीटीची तीन वर्षं संपली की बॅग भरायची.

तिसरं गेट, टिळकवाडी :
मथळ्यावर थांबू नका, खालची बातमीही वाचा. ऑक्टोबरात ट्रम्पच्याच सरकारनं खुलासा केला की तिथंच शिकून, तिथंच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्याला हा भुर्दंड नाही. तो पडतो बाहेरून नवा माणूस नेणाऱ्या कंपनीवर. म्हणजे इथं बसून सर्टिफिकेट करायचं आणि कंपनी ऑनसाइटला, म्हणजे तिकडच्या कामावर, पाठवेल म्हणून वाट बघायची, ही वाट बंद झाली. एमएसची नाही. शिवाय वर्षाच्या ८५,००० व्हिसांपैकी २०,००० तिथल्याच मास्टर्सवाल्यांसाठी राखीव असतात.

निपाणी नाका :
लॉटरीत नाव निघालं तर ना! माझ्या मावसभावाचं दरवर्षी अर्ज करून शेवटपर्यंत निघालं नाही. परत आला, आता हिंजवडीत आहे, पगार रुपयात, कर्ज अडतीस लाख. मावशी कुणाच्या लग्नाला जात नाही, लोक विचारतात म्हणून. हे तुमच्या खुलाशात येत नाही.

खानापूरची :
सगळे पोरांचंच बोलताय, म्हणून लिहिते.

मी घरी सांगितलं असतं की पुण्यात राहून सर्टिफिकेशन करते, तर "कर की" म्हणाले असते आणि पुढच्याच रविवारी पाहुणे चहाला आले असते. आयर्लंडचा व्हिसा आला तेव्हा ज्या काकांनी "पोरीला एवढं शिकवून काय" म्हणून वर्षभर ऐकवलं त्यांनीच नारळ-शाल दिली. त्या पदवीत नवीन थोडंच शिकले, पण दोन वर्षं कुणी स्थळ काढलं नाही. मला तेवढंच पुरेसं होतं. तिथं मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, त्यात नोकरी मिळाली.

आणि तिसरं गेट, सगळ्या परीक्षा डंपच्या नसतात. मी तिथं गेल्यावर सीकेए केली, सर्व्हरचा गट म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसची परीक्षा. दोन तास, समोर टर्मिनल, मोडलेला क्लस्टर चालू करून दाखवायचा. ऑप्शनबिप्शन काही नाही. एटसीडीचा, म्हणजे क्लस्टरची सगळी नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसचा, बॅकअप परत बसवताना एक पाथ चुकला की सगळं बोंबलतं. त्या परीक्षेवरच मला दुसरी नोकरी लागली, पदवीचं कुणी नावही काढलं नाही.

तिसरं गेट, टिळकवाडी :
सीकेए मानतो. रेड हॅटची लिनक्सची परीक्षा, आरएचसीएसए, ती पण मानतो, तीही हातानं करून दाखवायची असते. पण त्या क्लासच्या जाहिरातीत ही दोन नावं नाहीत, का ते तुम्हीच ओळखा. आणि खानापूरताई, तुम्ही आधी मास्टर्स केलंत, मग परीक्षा. तुमची गोष्ट माझ्याच बाजूची आहे.

खानापूरची :
माझी गोष्ट माझ्या बाजूची आहे. तुम्ही घेऊ नका.

कॅम्पातला :
एक विचारू? बेळगावचा पोरगा एमएस करो नाहीतर सर्टिफिकेट, शेवटी डोळे झाकून पुण्यालाच का? देशात सगळ्यात जास्त आयटी नोकऱ्या आपल्याच राज्याच्या राजधानीत. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसा, सकाळी बेंगळुरू. नवख्याला तिथं जेवढे इंटरव्ह्यू मिळतात तेवढे पुण्यात मिळत नाहीत. पण नाही. कोथरूडला मावशी आहे ना.

उद्यमबाग :
मावशी नाही हो, कन्नड. मराठी शाळेत शिकलो, कन्नड पास होण्यापुरतं. बेंगळुरूत रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत "कर्नाटकचा असून कन्नड येत नाही?" हे ऐकायचं. बिहारच्या पोराला हे कुणी विचारत नाही, मला विचारतात, कारण माझ्या आधार कार्डावर बेळगाव आहे. एकदा अनुभव घेतला, पुरे.

आणि राजधानीचं कौतुक मला नको. व्हीटीयूचं, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं, मुख्यालय १९९८ पासून इथं, राज्यभरच्या इंजिनिअरांच्या मार्कशीटवर बेळगावचं नाव, आणि नोकरी पाचशे किलोमीटरवर. २०१२ ला इथं सुवर्णसौध, म्हणजे दुसरं विधानभवन, बांधलं, हिवाळी अधिवेशन सोडलं तर ओस. तेवढ्या जागेत चार आयटी कंपन्या बसल्या असत्या तर आज पुणे की बेंगळुरू हा विषयच नव्हता. आमच्या फाउंड्रीत बीई मेकॅनिकल पोरं अठरा हजारांवर साच्यांचा हिशेब लिहितात. तीच पोरं रात्री क्लाउडचे व्हिडिओ बघतात.

कॅम्पातला :
आला, सीमाप्रश्न आला! दोन पोस्ट उशीर झाला एवढंच. सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा आहे. निकाल लागेपर्यंत पोरांनी नोकरी करायची नाही काय? माझी आई मराठी, शाळा मराठी, तरी मी कन्नड शिकलो. वर्षभरात बोलायला यायला लागलं. पायथॉन शिकता, कन्नडला काय होतंय?

निपाणी नाका :
कॅम्पात राहणाऱ्यानं हे बोलू नये. तुमच्याकडं इंग्रजीवर भागतं. माझं गाव महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे, आणि त्या सीमाभागाच्या दाखल्यावरच मला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या प्रवेशामुळं कोल्हापूर, त्यामुळं पुणे. तुम्हाला जी मावशीची हौस वाटते ती माझ्या घरची एकमेव वाट होती. दाखल्यासाठी वडिलांनी तहसीलच्या किती चकरा मारल्या ते तुम्हाला काय सांगायचं.

कॅम्पातला :
दाखल्याला मी कुठं हसलो? वाट मिळाली, चांगलं झालं. पण तुमच्या पोराला तीच एक वाट दाखवू नका म्हणतोय.

उद्यमबाग :
तुम्ही कन्नड शिकलात म्हणून मोठे, आम्ही नाही म्हणून आळशी. लिहा तसं, लाजू नका.

कॅम्पातला :
लिहिलं नाही, पण आता तुम्हीच म्हणताय तर...

खानापूरची :
अहो, ऊसवाल्यांच्या पोराचं कुणी बोलणार आहे का? तो बीसीए आहे एवढं तरी वाचलंत?

ऊसवाले दादा, तीन वर्षांचं बीसीए असेल तर अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत अडेल, ते सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. जर्मनीत काही ठिकाणी चालतं, पण विद्यापीठागणिक बघावं लागेल, आणि आधी एपीएसचं, म्हणजे आपली कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र. मात्र २०२३ च्या नोव्हेंबरपासून जर्मनीनं एक दार उघडलंय. आयटीवाल्याला पदवी नसली तरी ब्लू कार्ड, म्हणजे तिथं राहून नोकरी करायचा परवाना, मिळू शकतं. गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्याच तोडीचा अनुभव, तिथली नोकरी हातात आणि ठरलेल्या मर्यादेवर पगार, एवढं हवं. म्हणजे ना ब्लॉक्ड अकाउंट, ना घर तारण.

तिसरं गेट, टिळकवाडी :
यातही अनुभव लागतोच, सर्टिफिकेट नाही. नीट वाचा.

खानापूरची :
आणि तुमचं एमएसही लागत नाही. तुम्हीही नीट वाचा.

तिसरं गेट, टिळकवाडी :
बरं बाई. बीसीएवाल्या शेतकऱ्याच्या पोरासाठी तुमचं चालेल. चार वर्षांचं बीई आणि घरात एक पगार असेल तर मी अजूनही जा म्हणेन. आणि तो क्लासवाला दोघांच्याही कामाचा नाही.

निपाणी नाका :
एक पगार माझ्या मावशीच्या घरातही होता. ते सोयीनं विसरलात.

चिकोडीचा ऊसवाला :
पोराला वाचून दाखवलं. म्हणतोय आधी लिनक्सची ती हातानं करायची परीक्षा देतो, मग सपोर्टची का असेना नोकरी धरतो, तीन वर्षं झाली की जर्मनी. नोकरी कुठं म्हणून विचारलं तर म्हणाला, जिथं पहिली मिळेल तिथं, बेंगळुरू असलं तरी चालेल. शाळेत कन्नडला पंच्याऐंशी होते त्याला, मला आजच कळलं.

कॅम्पातला :
बघा!

उद्यमबाग :
बघितलं. घरमालकाकडं पंच्याऐंशीची मार्कशीट घेऊन जायला सांगा.